रेशनवर किती टक्के? जिल्हावार आकड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

सरकारी मदत घेणाऱ्यांचे जिल्हावार आकडे वाचताना काय अडतं, असं वाचकांना विचारलं होतं. बहुतेक पत्रं रेशनविषयी आली, काही निराधार योजनांविषयी, एक तर थेट अमेरिकेतल्या काउंट्यांविषयी. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : रेशनचं धान्य मिळणाऱ्यांचं प्रमाण नंदुरबारपेक्षा सिंधुदुर्गात जास्त निघू शकतं, असं एका व्याख्यानात ऐकलं. नंदुरबार तर राज्यातला सर्वांत गरीब जिल्हा मानला जातो. मग हे कसं? — एक शिक्षक, शहादा

उत्तर : निघू शकतं, आणि त्यासाठी कुणाला आकडे फिरवावे लागत नाहीत. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ मध्ये देशपातळीवर ग्रामीण भागातले ७५ टक्के आणि शहरी भागातले ५० टक्के लोक धरले आहेत. राज्यांना मात्र वेगवेगळा वाटा मिळाला. महाराष्ट्राच्या वाट्याला ग्रामीण ७६.३२ आणि शहरी ४५.३४ टक्के आले. आता २०११ च्या जनगणनेतले आकडे घेऊन गुणाकार करा. ग्रामीण लोकसंख्या ६ कोटी १५ लाख ५६ हजार, तिचे ७६.३२ टक्के म्हणजे सुमारे ४ कोटी ७० लाख. शहरी ५ कोटी ८ लाख १८ हजार, तिचे ४५.३४ टक्के म्हणजे सुमारे २ कोटी ३० लाख. बेरीज ७ कोटी. शासनाच्या कागदांवर ७ कोटी १६ हजार हा आकडा दिसतो, तो असा आला. पुरवठा खात्यात त्याला इष्टांक म्हणतात.

राज्यात किती लोक गरजू आहेत हे मोजून हा आकडा ठरलेला नाही. आधी वरची मर्यादा ठरली, मग तिच्यात माणसं बसवली गेली. जिल्ह्यांचे टक्के वाचताना ही गोष्ट विसरली की पुढचं सगळं वाचन चुकतं.

आता सिंधुदुर्ग. जिल्ह्याची फक्त १२.६ टक्के लोकसंख्या शहरी आहे. नंदुरबारची १६.७ टक्के. राज्याचे ग्रामीण आणि शहरी टक्के जसेच्या तसे दोन्ही जिल्ह्यांना लावले, तर सिंधुदुर्गचं प्रमाण ७२.४ येतं आणि नंदुरबारचं ७१.१. त्याच रीतीने गडचिरोली ७२.९, पुणे ५७.४, आणि ग्रामीण भागच नसलेले मुंबईचे दोन्ही जिल्हे ४५.३. या हिशेबात गरिबीचा शब्दसुद्धा आलेला नाही. जिल्ह्यात खेडी किती आणि शहरं किती, एवढ्यावरच टक्का वरखाली झाला.

हे त्या जिल्ह्यांचे प्रत्यक्ष आकडे नव्हेत, हे लक्षात ठेवा. जिल्ह्यांचे इष्टांक ठरताना अंत्योदय आणि जुनी पिवळी कार्डं सरसकट आत घेतली गेली, आणि उरलेल्या जागेत केशरी कार्डधारकांपैकी ग्रामीण भागात वार्षिक ४४ हजार आणि शहरी भागात ५९ हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असलेली कुटुंबं आली. त्यामुळे जुन्या दारिद्र्यरेषेच्या यादीत ज्या जिल्ह्याची जास्त नावं होती, त्याला आजही तो फायदा मिळतो. वर काढलेले टक्के फक्त तुलनेपुरते वापरायचे. जिल्ह्याचा खरा टक्का त्यांच्यापेक्षा किती वर किंवा खाली आहे, तो फरक अर्थपूर्ण असतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, म्हणजे २०१५-१६ च्या पाहणीवरून, नंदुरबारमधले ५२.१२ टक्के लोक बहुआयामी गरीब, म्हणजे आरोग्य, शिक्षण, राहणीमान अशा अनेक बाजूंनी वंचित, ठरले होते. अशा जिल्ह्याचा खरा टक्का ७१ च्या जवळपासच असेल, तर सगळे गरीब आत आले आहेत असं समजू नये. आत आलेल्यांत कोण आहे, हा पुढचा प्रश्न.

उत्पन्नाच्या मर्यादेकडेही बघा. वर्षाला ४४ हजार म्हणजे महिन्याला ३,६६७ रुपये, आणि ५९ हजार म्हणजे ४,९१७ रुपये, तेही अख्ख्या कुटुंबाचे. ही मर्यादा कायदा लागू झाला तेव्हाची आहे. आज दोन माणसं मजुरीला जाणारं कुठलंही कुटुंब ती प्रामाणिकपणे पाळू शकणार नाही. म्हणून कागदावरचा निकष एक आणि प्रत्यक्षातला दुसरा. प्रत्यक्षात कार्डाचा रंग, दाखला देणाऱ्याची पद्धत आणि इष्टांकात जागा आहे का, यावरच काम चालतं. मर्यादा वाढवली तरी इष्टांक वाढवला नाही, तर रांग तेवढी लांब होईल.

प्रश्न : कॉलेजच्या प्रकल्पासाठी राज्याचा नकाशा करायचा आहे : कोणत्या जिल्ह्यात किती टक्के लोक रेशनवर. आकडे कुठून घ्यावेत आणि कुठे चुकण्याचा धोका असतो? — एक विद्यार्थिनी, बीड

उत्तर : आकडे मिळणं सोपं आहे. महाराष्ट्राच्या ई-पॉस (रेशन दुकानांतल्या यंत्रांच्या नोंदींच्या) संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, दुकान अशा पायऱ्यांनी कार्डं, युनिटं आणि त्या महिन्यातलं वाटप दिसतं. राज्याच्या आर्थिक पाहणीत आणि अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनातही तक्ते असतात. खरी मेहनत पुढे आहे.

आधी काय मोजायचं ते ठरवा. कार्डं आणि युनिटं यांत गल्लत होते. युनिट म्हणजे कार्डातला एक माणूस. 'जिल्ह्यातले ६० टक्के' म्हणताना वर कार्डं आणि खाली लोकसंख्या घेतली, तर उत्तर अर्थहीन येतं. वर युनिटं असतील तर खाली माणसं, वर कार्डं असतील तर खाली कुटुंबं. अंत्योदयात आणखी एक वळण आहे. तिथे कार्डाला महिन्याला ३५ किलो ठरलेले असतात, घरात एक माणूस असो की नऊ. प्राधान्य कुटुंबात, म्हणजे अन्नसुरक्षेतल्या अंत्योदय सोडून बाकीच्या कुटुंबांत, माणशी ५ किलो. त्यामुळे वाटलेल्या किलोंवरून माणसांची संख्या काढायचा मोह आवरा. यवतमाळमधले कोलाम, रायगड-पालघर-ठाण्यातले कातकरी, गडचिरोलीतले माडिया गोंड यांना अंत्योदयात प्राधान्य आहे. अशा ठिकाणी किलोंचा हिशेब माणसांच्या हिशेबापासून हमखास भरकटतो.

मग जिल्ह्यांची यादी. राज्यात ३६ जिल्हे आहेत, पण पुरवठ्याच्या तक्त्यात सरळ ३६ ओळी मिळणार नाहीत. मुंबई आणि ठाण्याचा शहरी पट्टा शिधावाटप नियंत्रकाच्या अखत्यारीत आहे आणि त्याची परिमंडळं आहेत. बाकी राज्यात जिल्हा पुरवठा अधिकारी असतात. ठाणे जिल्ह्याचा ग्रामीण भाग एका ओळीत आणि ठाणे, कल्याण, भिवंडी वगैरे शहरं दुसऱ्या ओळीत येतात. नुसती 'ठाणे' नावाची ओळ उचलली तर वर खेड्यांतली माणसं आणि खाली सगळ्या जिल्ह्याची लोकसंख्या, असा प्रकार होतो. ठाणे अचानक राज्यातला सर्वांत श्रीमंत जिल्हा दिसू लागला, तर कारण हेच समजा.

ठाण्याची दुसरी अडचण पालघर. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला आणि जनगणना २०११ ची. जुन्या अखंड ठाण्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख ६० हजार. त्यातले २९ लाख ९० हजार पालघरचे, उरलेले ८० लाख ७० हजार आजच्या ठाण्याचे. समजा आजच्या ठाण्यात ३० लाख लाभार्थी आहेत. अखंड लोकसंख्येने भागलं तर २७ टक्के, खऱ्या लोकसंख्येने भागलं तर ३७ टक्के. दहा टक्क्यांचा फरक केवळ चुकीच्या भाजकामुळे.

नावांचाही त्रास होतो. जनगणनेच्या तक्त्यात औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर. नव्या तक्त्यात छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर. संगणकावर दोन तक्ते नावाने जोडले की या ओळी मुकाट गळतात आणि नकाशावर तीन पांढरे ठिपके उरतात. नावाऐवजी सांकेतांक वापरा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे जिल्हे ४९७ ते ५३१ आहेत, पण त्यांत पालघर नाही. म्हणून पंचायतराज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतले सांकेतांक बरे.

भाजकाची खरी दुखरी जागा म्हणजे २०११ साल. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर चालू आकड्याखाली जुनीच लोकसंख्या येत राहणार. ती सगळ्यांना सारखी लबाडी करत नाही. २००१ ते २०११ मध्ये ठाणे ३६ टक्क्यांनी आणि पुणे ३० टक्क्यांनी वाढलं, तर रत्नागिरीची लोकसंख्या जवळजवळ ५ टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गची २ टक्क्यांनी घटली. वाढत्या जिल्ह्यात आजचे लाभार्थी २०११ च्या लोकसंख्येने भागले की टक्का फुगतो. राज्याचंच घ्या : ७ कोटी १६ हजार भागिले २०११ चे ११ कोटी २४ लाख म्हणजे ६२.३ टक्के. आजची लोकसंख्या पावणेतेरा कोटी धरली तर तेच लोक ५५ टक्के होतात. नकाशाखाली कोणत्या सालची लोकसंख्या वापरली ते लिहाच. अंदाजित लोकसंख्या घेतली असेल तर सगळ्या जिल्ह्यांसाठी एकाच अहवालातली घ्या.

सरासरी काढताना टक्क्यांची साधी सरासरी घेऊ नका. समजा मुंबई उपनगरात ४० टक्के आणि सिंधुदुर्गात ७० टक्के निघाले. साधी सरासरी ५५. पण उपनगरात ९३ लाख ५७ हजार माणसं आहेत आणि सिंधुदुर्गात साडेआठ लाख. माणसं मोजून सरासरी काढली तर ४२.५ येते. नकाशाचंही तसंच. गडचिरोली १४,४१२ चौरस किलोमीटरची आणि माणसं पावणेअकरा लाख. उपनगर साडेचारशे चौरस किलोमीटरच्या आत आणि माणसं जवळजवळ नऊपट. नुसत्या रंगांच्या नकाशात गडचिरोली डोळ्यांत भरते आणि उपनगर दिसतही नाही. टक्क्याला रंग द्या आणि माणसांच्या संख्येला त्यावर वर्तुळं.

शेवटचं, तुमच्या जिल्ह्यापुरतं. बीडची ऊसतोड कुटुंबं हंगामात कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे असतात आणि पोर्टेबिलिटीमुळे, म्हणजे कार्ड दुसरीकडच्या दुकानातही चालत असल्यामुळे, तिथल्या दुकानात धान्य उचलू शकतात. कार्ड मोजलं जातं बीडमध्ये, वाटप मोजलं जातं कोल्हापुरात. म्हणून नोव्हेंबर ते मार्चमधला एखादाच महिना घेऊन 'बीडमध्ये धान्य कमी उचललं जातं' असा निष्कर्ष काढू नका. कार्डांचा तक्ता आणि व्यवहारांचा तक्ता वेगळा ठेवा, आणि जमल्यास जुलैचा महिनाही शेजारी मांडा.

प्रश्न : मुलाचं आणि सुनेचं नाव कार्डात चढलं, ऑनलाइन दिसतंही. पण धान्य पूर्वीच्याच माणसांचं मिळतं. कार्यालयात 'इष्टांक नाही' एवढंच सांगतात. शेजारच्या तालुक्यात मात्र नवी नावं घेतली जात आहेत म्हणे. — एक गृहिणी, कल्याण

उत्तर : तुमच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्डात नाव असणं ही एक, आणि ते नाव अन्नसुरक्षेच्या यादीत युनिट म्हणून धरलं जाणं ही दुसरी. नमुना ८ भरून नाव चढतं. सुनेसाठी माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला, विवाहाचा पुरावा आणि आधार लागतं, बाळासाठी जन्मदाखला. पण प्राधान्य कुटुंबाच्या कार्डात नवं युनिट धान्यासाठी मंजूर व्हायला त्या कार्यालयाच्या इष्टांकात जागा लागते. अंत्योदय कार्ड असेल तर नावं वाढली तरी ३५ किलोच मिळणार, हेही पाहून घ्या. कार्ड कोणत्या प्रकारात आहे ते बारा अंकी क्रमांक टाकून ई-पॉस संकेतस्थळावर दिसतं. तिथे 'एनपीएच' (प्राधान्य नसलेलं कुटुंब) असं असेल, तर अडचण एका नावाची नाही, अख्खं कार्डच अन्नसुरक्षेच्या बाहेर आहे.

'इष्टांक नाही' हे उत्तर खरं असू शकतं, पण ते तोंडी घेऊ नका. लेखी अर्ज द्या, आवक क्रमांकाची पोच घ्या आणि अर्जात एवढंच विचारा : आपल्या कार्यालयाचा मंजूर इष्टांक किती, आजच्या तारखेला भरलेला किती, शिल्लक किती, आणि माझा अर्ज प्रतीक्षेत कितवा. उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार आहे. जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. दारिद्र्यरेषेखालच्यांना पुराव्यासह शुल्क नाही. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण दीडशे शब्दांत. लोक इथेच चुकतात : धान्य का मिळत नाही, दुकानदार कसा वागतो, चौकशी करा, असं सगळं एका अर्जात घालतात आणि अर्ज परत येतो. 'का' विचारू नका, नोंदी मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं, तर पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टँप. तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांकही आहे. तिथला तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

शेजारच्या तालुक्यात जागा आणि तुमच्याकडे नाही, हे सहज घडतं. इष्टांक कार्यालयवार वाटलेला असतो. मृत्यू, लग्न, स्थलांतर, दुबार नावं, केवायसी (आधारवरून ओळखीची पडताळणी) न झालेली युनिटं यांमुळे जिथे नावं गळाली, तिथे जागा होते. वाढत्या शहरात उलटं असतं : माणसं येत राहतात आणि वाटा २०११ च्या लोकसंख्येवर बेतलेला. कल्याण-डोंबिवली पट्ट्यात रांग लांब असण्याचं मोठं कारण हेच आहे, त्यात कार्यालयाचा दोष असेलच असं नाही. मात्र गळालेल्या नावांची जागा कुणाला आणि कोणत्या क्रमाने दिली, हे विचारण्याचा हक्क तुमचा आहे.

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यात वृद्धापकाळाचं निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचं प्रमाण खूप असल्याची बातमी वाचली. कोकणात निराधार जास्त आहेत, असा अर्थ घ्यायचा का? — एक निवृत्त ग्रामसेवक, चिपळूण

उत्तर : बातमीत भाजक कोणता होता, ते आधी शोधा. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना ६५ आणि त्यापुढच्या वयासाठी आहे. ती एकूण लोकसंख्येने भागली तर जिथे म्हातारी माणसं जास्त, तिथला टक्का आपोआप चढतो. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त स्त्रिया होत्या (२०११), कारण कर्ते पुरुष मुंबईत. मागे उरतात म्हातारे आणि बायका. अशा जिल्ह्याची पुण्याशी तुलना करायची तर ६५ वर्षांवरच्या लोकसंख्येनेच भागायला हवं. जनगणनेच्या वयोगटांच्या तक्त्यात पाच-पाच वर्षांचे गट असतात. ६५-६९ पासून पुढचे सगळे मिळवा आणि 'वय सांगितलेले नाही' ही ओळ सोडा.

दुसरी चूक जास्त महाग पडते : दुबार मोजणी. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असलेल्या वृद्धाला इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातून केंद्राचे २०० रुपये मिळतात, ८० नंतर ५००, आणि महिन्याचे दीड हजार पुरे करायला उरलेले पैसे राज्य श्रावणबाळमधून घालतं. हा श्रावणबाळचा गट 'अ'. माणूस एक, पण त्याचं नाव दोन्ही योजनांच्या तक्त्यांत. दोन्हींची बेरीज केली की तो दोनदा मोजला जातो. गट 'ब' मध्ये यादीत नाव नसलेले, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न २१ हजारांच्या आतले लोक येतात आणि त्यांचा सगळा भार राज्यावर असतो. जिल्ह्याचा आकडा हवा असेल तर श्रावणबाळ 'अ' अधिक 'ब' एवढंच घ्या, इंदिरा गांधी वेगळी मिळवू नका. विधवा आणि दिव्यांगांच्या केंद्रीय योजनांचंही संजय गांधी निराधार अनुदान योजनेशी असंच नातं आहे.

निराधार जास्त आहेत का, याचं उत्तर या आकड्यांतून अर्धवटच मिळतं. २१ हजार म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. ही अट इतकी खाली आहे की ती पुरी करण्यात तहसील कार्यालयाच्या उत्पन्न दाखल्याचाच वाटा मोठा. एका तालुक्यात तलाठी चौकशी करून २० हजारांचा दाखला देतो, दुसऱ्यात शेतमजुरीचा दर गुणून ६० हजार लिहितो. तालुक्या-तालुक्यांतला बराच फरक इथे जन्मतो. शिवाय राज्यात किमान १५ वर्षं रहिवास हवा आणि संजय गांधी समितीची बैठक नियमित व्हायला हवी. ती लांबली की अर्ज नुसते साचतात आणि त्या महिन्यांत जिल्ह्याचा टक्का मुळीच हलत नाही. एखाद्या तालुक्याची रेघ सपाट जाऊन अचानक उडी मारत असेल, तर बैठकीची तारीख विचारा.

प्रश्न : रेशन, निराधार, लाडकी बहीण, शेतकऱ्यांना धान्याऐवजी मिळणारी रक्कम, हे सगळं धरून जिल्ह्यातले किती टक्के लोक सरकारी मदतीवर आहेत ते काढता येईल का? — एक वाचक, वाशिम

उत्तर : तक्त्यांची बेरीज करून येणार नाही. एकाच घरात प्राधान्य कुटुंबाचं कार्ड, आजीचं श्रावणबाळ आणि सुनेचं लाडकी बहीण असू शकतं. तिन्ही टक्के मिळवले की जिल्ह्यात लोक कमी आणि लाभार्थी जास्त! लाडकी बहीण २१ ते ६५ वयाच्या महिलांसाठी आणि अडीच लाखांच्या उत्पन्नापर्यंत. निराधारसाठी २१ हजार. या दोन टक्क्यांना एका रांगेत बसवण्यात काही अर्थ नाही. वाशिमपुरतं एक लक्षात घ्या : छत्रपती संभाजीनगर विभागाचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०१५ पासून स्वस्त धान्य मिळत होतं. २०२३ पासून त्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये खात्यात जमा होऊ लागले. ती रक्कम पुढे १७० झाली. म्हणजे हे लोक धान्याच्या तक्त्यातून गेले, मदतीतून नव्हे. २०२२ आणि २०२३ ची तुलना करून 'विदर्भ-मराठवाड्यात रेशनवरचे लोक घटले' असं लिहिणाऱ्याने ही ओळ वाचलेली नसते.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत ओहायो राज्यात शिकते. तिथे काउंटीनुसार फूड स्टॅम्पचे टक्के सहज मिळतात आणि मंदी आली की ते चढतात. आपल्याकडे तसं का दिसत नाही? — एक वाचक, नाशिक

उत्तर : कारण तिथे इष्टांक नाही. फूड स्टॅम्पचं नाव २००८ पासून 'स्नॅप' आहे. जो निकषात बसेल आणि अर्ज करील त्याला तो द्यावा लागतो, काउंटीला वरची मर्यादा नाही. रोजगार गेले की लाभार्थी वाढतात. २०१३ च्या आर्थिक वर्षात ते महिन्याला सरासरी पावणेपाच कोटींच्या पुढे गेले होते. रोजगार परतले की उतरतात. आपल्याकडे कोविडच्या काळात माणशी धान्य वाढवलं गेलं, पण यादीतल्या माणसांची मर्यादा तीच राहिली. म्हणून आपला टक्का संकटाचं माप म्हणून कामाचा नाही.

तिथले आकडेही डोळे झाकून घेऊ नयेत. कार्यालयीन नोंदींतला आकडा त्या महिन्याचा असतो. जनगणना विभागाच्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेत 'गेल्या बारा महिन्यांत घरात कुणाला मिळालं का' असं विचारतात आणि बरेच लोक मिळूनही नाही म्हणतात. त्यामुळे दोन्ही टक्के जुळत नाहीत. शिवाय ६५ हजारांपेक्षा कमी वस्तीच्या काउंट्यांसाठी या सर्व्हेचे एका वर्षाचे आकडे येत नाहीत, पाच वर्षांची सरासरी घ्यावी लागते. छोट्या काउंटीत मंदीची उडी त्या सरासरीत विरघळून जाते. मुलीला सांगा, कार्यालयीन नोंदी घे आणि खाली माणसं आहेत की घरं ते बघ.

प्रश्न : आमच्या तालुक्याचं वाटप एका महिन्यात ९४ टक्के, पुढच्या महिन्यात ८१ टक्के. लाभार्थी कुठे जातात? — एक रास्त भाव दुकानदार, जव्हार

उत्तर : लाभार्थी बहुधा जागेवरच असतात. हा टक्का म्हणजे त्या महिन्यात व्यवहार झालेली कार्डं भागिले एकूण कार्डं. धान्य गोदामातून उशिरा आलं आणि मुदत वाढवून मिळाली नाही, तर तो पडतो. सर्व्हर किंवा नेटवर्क महिन्याच्या शेवटच्या दिवसांत बंद पडलं तर पडतो. भातकापणीनंतर वीटभट्ट्यांवर जाणारी कुटुंबं असतील तर पडतो, आणि ती भिवंडीकडे धान्य उचलत असतील तर तिकडचा चढतो. मागच्या महिन्याचं धान्य या महिन्यात वाटलं गेलं, तर एखाद्या दुकानाचा टक्का शंभराच्या वरही दिसू शकतो.

केवायसीचा परिणाम वेगळा दिसतो. तो कार्डांत उतरत नाही, युनिटांत उतरतो : कार्ड चालू, पण पाचपैकी दोन माणसांचं धान्य बंद. म्हणून महिन्याच्या सुरुवातीला युनिटांचा तक्ता उतरवून ठेवा आणि मागच्या महिन्याच्या तक्त्याशी ताडून पाहा. गळालेल्यांत म्हातारी माणसं आणि मजूर जास्त असतील तर बोटांचे ठसे उमटत नाहीत हे कारण धरा. त्यांची पडताळणी डोळ्यांच्या यंत्रावर किंवा 'मेरा ई-केवायसी' अ‍ॅपवर चेहऱ्याने करून घेता येते. मृत माणसांची नावं गळाली असतील तर ती गळायलाच हवीत. त्यांच्या जागी प्रतीक्षेतली नावं बसवावीत म्हणून तहसीलच्या पुरवठा शाखेत त्याच आठवड्यात यादी द्या. महिन्याचं नियतन, म्हणजे दुकानाला द्यायच्या धान्याचा वाटा, ठरून गेलं, की नवं युनिट मंजूर होऊनही धान्य पुढच्या महिन्यावर जातं.